कर्ली डिरेक्टरीत साइट सुचवून चार महिने झाले, उत्तर नाही. पैसे देऊन काम होतं का?

तुम्ही लिहिलंय की गुहागरजवळ तुमचं होमस्टे आहे, त्याची साइट तुम्ही कर्लीत पाच वेगवेगळ्या विभागांत सुचवलीत, दर महिन्याला पुन्हा सुचवताय, तरी काही हालचाल नाही. आणि आता एक जण म्हणतोय, आठ हजार द्या, पंधरा दिवसांत नाव लावून देतो. द्यावेत का, असा प्रश्न आहे.

देऊ नका. एक रुपयासुद्धा देऊ नका. मला झोपेतून उठवून विचारलंत तरी मी हेच सांगेन, कारण याच एका गोष्टीवरून माझ्या सख्ख्या दिरांशी माझं इतकी वर्षं धड बोलणं नाही.

मी सांगलीची. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी झाली. डीमॉझ म्हणजे माणसांनी पाहून, विषयवार लावलेली वेबसाइट्सची यादी. २००३ पासून ती बंद पडेपर्यंत मी तिथे बिनपगारी एडिटर होते. तुमची कर्ली म्हणजे त्याच डीमॉझचं पुढचं घर. तिच्या मालक कंपनीनं, एओएलनं, मार्च २०१७ मध्ये डीमॉझला कुलूप लावलं, तेव्हा आत काम करणाऱ्यांनीच तो सगळा पसारा उचलून कर्ली नावानं पुन्हा मांडला. नियमांची वही तीच, सुचवलेल्या साइट्सची रांगही तशीच. त्यामुळे मी जे सांगते आहे ते जुन्या काळचं म्हणून बाजूला टाकू नका.

१९९८ च्या जूनमध्ये रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रुएल या सन मायक्रोसिस्टिम्समधल्या दोघांनी डीमॉझचं काम सुरू केलं. याहूच्या डिरेक्टरीत पगारी माणसं साइट्स लावायची आणि साइट्स त्यांना आवरेनाशा झाल्या होत्या. या दोघांनी ठरवलं, ज्याला ज्या विषयातलं कळतं त्यानं तो विभाग सांभाळावा, बिनपगारी. त्याच वर्षी ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप कंपनीनं ते विकत घेतलं. मला हे कळलं तेव्हा मी ग्रंथालयात कार्डं लिहीत होते, आणि मला रंगनाथनच आठवले. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं आहे, वाचकाचा वेळ वाचवा. डिरेक्टरी म्हणजे तरी दुसरं काय? कुणीतरी आधी जाऊन बघून यायचं, आत काय आहे ते दोन ओळींत लिहून ठेवायचं, म्हणजे मागून येणाऱ्याची फेरी फुकट जायला नको.

एडिटर होण्यासाठी एक छोटा विभाग निवडून तीन साइट्सची नावं आणि वर्णनं लिहून पाठवायची होती. मी सांगली निवडलं. ती तीन वर्णनं लिहायला मला चार संध्याकाळी लागल्या. होकाराची मेल आली तेव्हा मी ती घरी सगळ्यांना वाचून दाखवली. घरात डायल-अप होतं, मी बसले की फोन अडकायचा, म्हणून रात्री जेवणं उरकल्यावर दहाच्या पुढे बसायची. चार महिने एकही नोंद केली नाही तर खातं बंद व्हायचं. माझं एकदाही झालं नाही, हे मी अभिमानानं सांगते.

त्या रांगेत काय काय यायचं ते पाहिलंत तर तुमचा राग निम्मा ओसरेल. एकच इस्टेट एजंट नऊ नावांनी. ‘भारतातील नंबर एक’ असं म्हणणाऱ्या तीन-चार साइट्स एकाच गल्लीतल्या. पान उघडावं तर ‘काम चालू आहे’ एवढंच. दुसऱ्याच्या साइटकडे नेणाऱ्या नुसत्या लिंका, त्यावर कमिशन. हे सगळं एकेक करून उघडायचं, वाचायचं, बाजूला करायचं. आणि कधीतरी आमच्याच जिल्ह्यातल्या एका शिक्षकांचं जिओसिटीजवरचं, म्हणजे फुकट जागा मिळायची तिथलं, पान सापडायचं, ज्यावर तलावावर येणारे पक्षी महिनावार लिहिलेले असायचे, कुठे उभं राहिलं की दिसतात तेही. ते पान त्यांनी सुचवलंसुद्धा नव्हतं. मीच काही शोधताना मला ते मिळालं आणि मी त्याच रात्री ते लावलं. एडिटरनं रांगेतूनच साइट घ्यावी असा नियम नव्हताच. पहिला आला तो पहिला, असंही नव्हतं. रांग म्हणतात खरं, पण तो एक ढीग असतो आणि ज्याला जेव्हा वेळ मिळेल तेव्हा तो त्यातलं वरचं, खालचं, मधलं काहीही उचलतो.

लोक इतके हातघाईवर का यायचे, तर त्याचं कारण गुगल. गुगलनं २००० मध्ये स्वतःची डिरेक्टरी काढली ती सगळी डीमॉझच्या माहितीवर, आणि ती २०११ पर्यंत चालली. शिवाय शोध घेतला की साइटच्या नावाखाली ज्या दोन ओळी दिसतात त्या कित्येकदा आम्ही लिहिलेल्या असायच्या. ते ज्यांना नको असेल त्यांच्यासाठी २००६ मध्ये वेगळी खूण द्यावी लागली. याहूकडे व्यापारी साइटला वर्षाचे २९९ डॉलर पडायचे आणि इथे फुकट. मग काय, झुंबड उडाली आणि झुंबड उडाली तिथे दलाल आले.

आता आमच्या भाऊजींचं सांगते, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांचं. कोल्हापुरात शाहू मार्केट यार्डात गुळाची अडत आणि गावाकडे स्वतःचं गुऱ्हाळ. माल चोख. गुळव्या, म्हणजे गूळ रांधणारा, बापाच्या वेळेपासूनचा, मळी काढायला भेंडीचंच पाणी, रंग उजळायला कसली पावडर नाही. मी आजही घरात दुसरा गूळ आणत नाही. २००४ च्या दिवाळीत त्यांनी साइट काढली, म्हणजे तिथल्याच एकाकडून करून घेतली. पहिल्याच पानावर रस उकळायच्या काहिलीचा फोटो, खाली पिवळ्या अक्षरांची पळती पट्टी, आणि सगळा मजकूर शिवाजी फॉन्टमध्ये. ज्याच्या संगणकावर तो फॉन्ट नाही त्याला मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता चिवडा दिसायचा. मी कॉलेजमध्ये ते पान उघडलं तेव्हा मला आमच्याच दुकानाचं नाव वाचता आलं नाही. त्या वेळच्या किती मराठी साइट्सचं हे दुखणं होतं! आणि फॉन्ट चढवून वाचलं तर लिहिलेलं काय, ‘सर्वोत्कृष्ट, दर्जेदार, विश्वसनीय’. भेंडीचं पाणी नाही, गुळव्या नाही, तीस किलोचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, मिळतो की पाच किलोचा, काही म्हणजे काही नाही. जे त्यांच्याकडे होतं ते पानावर नव्हतं.

ती साइट त्यांनी नऊ विभागांत सुचवली. कोल्हापूर, महाराष्ट्र, भारतातले व्यवसाय, खाद्यपदार्थ, आरोग्य, पाककृती, आणखी कुठे कुठे, आणि त्यातच सांगली. सांगलीची नोंद माझ्यासमोर आली. त्या रविवारी ते घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, “वहिनी, बटण तुमच्याच हातात हाय न्हवं? मग दाबा की.”

मी सांगितलं, भाऊजी, कोल्हापूरचा विभाग माझ्याकडे नाही. असता तरी तुमची साइट मी तपासली नसती.

“म्हणजे भाईरच्यास्नी घरात आणि घरच्यास्नी भाईर.” एवढं बोलून ते उठले. कप अर्धा तसाच राहिला होता.

नियम असा होता की ज्या साइटशी आपला संबंध आहे तो उघड सांगायचा. तसा मी स्वतःहून सांगून ती लावू शकले असते, नियमात ते बसत होतं. पण सांगलीत कोल्हापूरचं दुकान बसत नव्हतं. मी ती नोंद कोल्हापूरच्या ढिगात सरकवली आणि सोबत टीप लिहिली. अशी टीप त्या साइटच्या पत्त्याला कायमची चिकटते, नंतर येणारा प्रत्येक एडिटर ती वाचतो. त्या काळी त्या विभागाला स्वतंत्र एडिटर नव्हता. वरच्या विभागाचे लोक अधूनमधून खाली उतरून बघायचे. म्हणजे वाट पाहायची.

भाऊजींनी वाट पाहिली नाही. त्यांना एक जण भेटला, अगदी तुम्हाला भेटलाय तसाच. सात हजार घेतले. त्यानं काय केलं असेल? तीच पानं आणखी दोन नव्या नावांवर चढवली आणि तिन्ही पत्ते सुचवले. एकाला नाही तर दुसऱ्याला लागेल, असा त्याचा हिशेब. एडिटरच्या डोळ्यांनी बघा. तीन दुकानं, तिन्हीत तोच फोटो, तोच फोन नंबर. अशा साइटवर शिक्का बसतो आणि तो टिपेतच बसतो, पुसला जात नाही. ज्या नोंदीला उशीर होत होता ती आता संशयात गेली. आणि तो माणूस भाऊजींना सांगत राहिला की तुमच्याच घरातलं कुणीतरी आतून अडवतंय.

२००६ च्या ऑक्टोबरमध्ये डीमॉझचा सर्व्हर असा बसला की डिसेंबर अर्धा संपेपर्यंत आम्हा एडिटरांना आतच जाता येईना. नेमकं त्याच दिवसांत इचलकरंजीला भाचीचं लग्न होतं. मी पंगतीत जिलबीचं ताट घेऊन वाढत होते. भाऊजींच्या पानापाशी आले, त्यांनी पानावर हात आडवा धरला आणि शेजारच्या चार पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “ह्यांच्या हातात असून ह्यांनी माझं नाव लागू दिलं नाही.” मी पुढे सरकले. त्या वेळी मी दोन महिने स्वतःच्याच विभागात पाऊल टाकू शकत नव्हते, हे पंगतीत कुणाला समजावून सांगणार?

२००७ च्या फेब्रुवारीत साइट लागली. कुणीतरी, मी ज्यांना कधी पाहिलं नाही आणि ज्यांचा कोल्हापूरशी काही संबंध नव्हता अशा एका एडिटरनं तिन्ही पत्ते उघडले, मूळ कोणता ते शोधलं, फॉन्ट उतरवून घेतला, आणि लिहिलं की कोल्हापुरातील गूळ व्यापारी, रव्यांची वजनं, दर आणि संपर्क. बास. तोपर्यंत भाऊजींनी वजनं आणि दर पानावर घातले होते, म्हणून ते वाक्य तरी लिहिता आलं. मी त्या पानाची छापील प्रत यांच्या हातून कोल्हापूरला पाठवली. त्यावर निरोप आला नाही.

आणि वर्षभरात ती नोंद गेलीसुद्धा. साइटचं नाव, म्हणजे तिचा पत्ता, डोमेन, त्या दलालानं स्वतःच्या नावावर घेतलं होतं. त्यानं नूतनीकरण केलं नाही, साइट बंद पडली. डीमॉझचा एक यंत्रमानव होता, रोबोझिला, तो मेलेल्या लिंका शोधत फिरायचा. त्यानं ती उचलली. तीन वर्षांची भांडणं आणि शेवटी नोंद गेली ती कुणा माणसाच्या हातून नाही, त्या दलालाच्या निष्काळजीपणानं. भाऊजी मात्र अजून म्हणतात की वहिनींनीच काढली.

म्हणून तुम्हाला पहिलं विचारते, तुमच्या साइटचं नाव कुणाच्या नावावर आहे? आज तपासा. ते करून देणाऱ्या पोराच्या नावावर असेल तर डिरेक्टरी राहू द्या, आधी ते स्वतःकडे घ्या.

दुसरं, पुन्हा पुन्हा सुचवणं आत्ताच्या आत्ता थांबवा. आमच्या वेळी त्याच विभागात पुन्हा पाठवलं की जुन्या नोंदीवर नवी बसायची आणि तारीखही नवी व्हायची. म्हणजे तुम्हीच स्वतःला दर महिन्याला मागे ढकलताय. पाच विभागांचंही तेच. पाच ढिगांत एकच नाव दिसलं की एडिटर तुम्हाला त्या इस्टेट एजंटच्या रांगेत बसवतो. इंग्रजी पानं असतील तर जागा एकच, भारत, महाराष्ट्र आणि त्याखाली तुमचं गाव किंवा तालुका. मराठी पानं वेगळी आणि पुरेशी असतील तर मराठीचा विभाग वेगळा आहे, तिथेही एकदा सुचवा. भाषेनुसार विभाग वेगळे असतात, त्यामुळे ते दोनदा सुचवणं होत नाही.

तिसरं, तुम्ही वर्णन दिलंय ‘कोकणातील सर्वोत्तम व निसर्गरम्य होमस्टे, एकदा अवश्य भेट द्या’. हे एडिटरला पहिल्या शब्दापासून खोडावं लागतं. ‘सर्वोत्तम’ ठरवणारे तुम्ही कोण, आणि ‘भेट द्या’ हे वाचकाला कशाला सांगायचं? असं लिहा की वाक्य वाचून माणसाला कळावं आत काय मिळेल. खोल्या किती, जेवण घरचं का, समुद्र चालत किती मिनिटं. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीनं येणाऱ्यानं पुढे कसं यायचं, चिपळूणहून एसटी कुठे सोडते, हे साइटवर लिहिलंय का? गुहागरला येणारा माणूस हेच शोधत असतो. तुमच्या साइटवर मी आत्ता बघून आले, नारळीच्या बागेचे अठरा फोटो आहेत आणि रस्ता एका ओळीतसुद्धा नाही. हे आधी भरा. साइटमध्ये स्वतःचं असं काही असलं की एडिटरचा हात आपोआप तिकडे जातो, हे मी ढिगाच्या आतल्या बाजूला बसून पाहिलेलं आहे.

आणि तुमच्या तालुक्याचा विभाग ओस पडलेला दिसत असेल तर एडिटर व्हायला अर्ज करा. स्वतःचं होमस्टे आहे हे पहिल्याच ओळीत लिहा, लपवू नका. लपवलेलं हमखास बाहेर येतं. आजूबाजूच्या देवळाची, शाळेची, शेजारच्या होमस्टेचीसुद्धा साइट त्याच मापानं लावायची तयारी असेल तरच अर्ज करा.

आता थोडं दुसऱ्या बाजूचं, कारण ते न सांगणं बरं नाही. पैसे घेणारे एडिटर नव्हतेच असं मी म्हणणार नाही. होते. सापडले की काढले जायचे, पण त्यांचा डाग आम्हा सगळ्यांना लागला आणि भाऊजींना त्या दलालाचं खरं वाटलं त्याचं अर्धं कारण तेच आहे. दुसरं म्हणजे सुचवणाऱ्याला काहीच उत्तर न देणं ही पद्धत मला कधीच पटली नाही. सुरुवातीला निदान आपली नोंद कुठे अडकली हे विचारायची सोय होती, २००५ मध्ये तीही बंद केली. एडिटरांचा वेळ वाचला हे खरं, पण माणसाला नाही म्हणून सांगितलं तर तो दुसरीकडे जातो, गप्प बसलं तर तो दलालाकडे जातो. मी स्वतःही तेच केलं. आतलं आत ठेवायचं म्हणून भाऊजींना त्या टिपेबद्दल कधी बोलले नाही. बोलायला हवं होतं.

आणि होमस्टेला गिऱ्हाईक हवं असेल तर गुगल मॅपवरची नोंद आधी नीट करा. वेळ बरोबर, फोन बरोबर, फोटो आपले. आज डिरेक्टरीत बघून खोली ठरवणारे फार थोडे. याहूची डिरेक्टरी २०१४ च्या अखेरीस बंद झाली ती उगाच नाही. कर्लीत नाव हवं ते यासाठी की तुमच्या गावाचं पान तिथे रिकामं राहू नये. तेवढ्यासाठी आठ हजार मोजायचे नसतात.

भाऊजी, तुमचा मुलगा इथे वाचतो हे मला ठाऊक आहे, तो तुम्हाला दाखवेल. २००४ च्या त्या टिपेत मी काय लिहिलं होतं ते सांगते. लिहिलं होतं की हे माझ्या सख्ख्या दिरांचं दुकान आहे, सांगलीत नाही, कोल्हापुरात आहे, म्हणून इकडे पाठवते आहे. पान वाचायला फॉन्ट लागेल, तो चढवण्याचा त्रास कृपया घ्यावा. माल खरा आहे, मी घरात हाच गूळ वापरते, आणि म्हणूनच ही साइट मी तपासू नये. खाली माझं नाव होतं.